पंचनाम्यात ज्यांचे नाव नसते

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातले कोन हे गाव लागते. पुलाखालची उल्हास इथे नदी कमी आणि खाडी जास्त असते. घाटाखालच्या पट्ट्यात जोराचा पाऊस, बारवी धरणातून सुटलेले पाणी आणि समुद्राची भरती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या, की पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि ते काठावरच्या वस्त्यांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि राज्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. देशाने पाहिली ती मुंबई. बदलापूर, कल्याण, भिवंडी हा उल्हासकाठचा पट्टा त्या चित्राच्या कडेलाच राहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा ही नदी पुन्हा बातम्यांत आली. भिवंडी शहरात तीनबत्तीची बाजारपेठ आणि ईदगाहचा परिसर तर दर जोरदार पावसात पाण्याखाली जातो.

अशा प्रत्येक पुरानंतर गणेशोत्सव मंडळे, मशिदींच्या कमिट्या, गुरुद्वारे, महिला बचतगट, ट्रेकर्सचे क्लब आणि नोंदणीकृत संस्था धावून येतात. त्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण या मदतीने वाचलेल्या माणसाचे आयुष्य किती सावरते, कुठल्या टप्प्यावर ती अपुरी पडते आणि कोणत्या संस्थांचे काम वर्षानुवर्षे टिकते, हे महाराष्ट्राच्या गेल्या तीस-बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून तपासता येते. त्या अनुभवातून मला दिसते ते असे: स्थानिक संस्थेची खरी ताकद तिच्या माहितीत आहे. कुठल्या खोलीत कोण राहते, कुणाकडे कागद नाहीत, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे तिला ठाऊक असते. ही माहिती जिथे सरकारी नोंदीपर्यंत पोहोचली, तिथे माणसे सावरली. जिथे ती पोहोचली नाही, तिथे वाटलेला शिधा आठवड्यात संपला आणि माणसे होती तिथेच राहिली.

पहिले काही तास

आपत्तीच्या पहिल्या काही तासांत माणसाला वाचवतो तो बहुधा शेजारी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी कितीही तत्पर असली, तरी तिला पोहोचायला वेळ लागतोच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता येत नव्हती आणि ढिगारा हातांनी उपसावा लागला. डोंगर ओळखणाऱ्या आसपासच्या गिर्यारोहकांचे मोल तिथे कळले. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र अशा मंडळींनी सह्याद्रीतल्या शोधकार्याचा अनुभव वर्षानुवर्षे साठवलेला आहे. इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले. बेपत्ता राहिलेल्या ५७ जणांना पुढे मृत घोषित करण्यात आले.

कोल्हापुरात व्हाईट आर्मी या संस्थेने हेच काम पाण्यात केले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तिचे स्वयंसेवक बोटी घेऊन उतरले होते. मात्र त्याच २०१९ च्या पुरात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसे बसली होती. धाडसाला प्रशिक्षणाची, लाइफ जॅकेटची आणि 'आता पुरे, पुढच्या फेरीत' असे ठामपणे सांगणाऱ्या माणसाची जोड लागते, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना सुमारे बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते, ते याचसाठी. खाडीकाठच्या कोळी आणि आगरी वस्त्यांत पाणी ओळखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना हे प्रशिक्षण आणि साधने मिळायला हवीत.

पहिले पंधरा दिवस

पाणी ओसरू लागले की मदतीचा ओघ सुरू होतो. पिण्याचे पाणी, तयार जेवण, शिधा, चादरी, औषधे. या टप्प्यात सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो आणि सगळ्यात जास्त वायाही जातो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. वापरून फाटलेले, तिथल्या बायका कधी नेसणार नाहीत असे ते कपडे होते. 'गूंज' या संस्थेने त्यातले पुष्कळसे गोळा करून वर्गवारी केली आणि त्यांचा पुन्हा वापर केला. सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅड बनवण्याच्या तिच्या कामालाही त्याच काळात आकार आला. मदतीच्या यादीत बायकांची ही गरज आजही बहुतेक वेळा शेवटी आठवते.

मदतीचे किमान प्रमाण काय असावे, यावर जगभरातल्या मदतसंस्थांनी १९९७ पासून 'स्फिअर' या नावाने मानके तयार केली. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक शौचालय. आपल्याकडे पूर आला की शाळेच्या वर्गात चार-चार कुटुंबे कोंबली जातात. शाळेची दोन शौचालये शंभर माणसांना पुरत नाहीत आणि बायका अंधार पडेपर्यंत थांबून राहतात. तिथे जेवणाची आणखी पाकिटे आणण्यापेक्षा चार फिरती शौचालये आणि रात्रीच्या उजेडाची सोय करणारी संस्था जास्त मोठे काम करते.

पुरानंतरचे आजार ही दुसरी बाब. २००५ च्या पुरानंतर ऑगस्टमध्ये मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून चालताना, पायाच्या जखमेतून हा संसर्ग होतो. वेळेत औषध मिळाले तर तो बरा होतो आणि अंगावर काढला तर मूत्रपिंड, यकृत निकामी करून जीव घेऊ शकतो. पाण्यातून चाललेल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी मिळणे आणि तापाच्या पहिल्या दिवशी तपासणी होणे, एवढ्यावर मरण टळते. हे काम घरोघर फिरणाऱ्या आशा सेविका आणि वस्तीतले कार्यकर्तेच करू शकतात. ताप अंगावर काढणारा माणूस दवाखान्यात आपणहून येत नाही.

तिसरे काम चिखलाचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा घरे आणि दुकाने गाळाने भरून गेली. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ पाठोपाठ पुन्हा पुराचा फटका बसला. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या तरुणांनी फावडी घेऊन दिवसचे दिवस गाळ उपसला. घर धुऊन मिळाले की माणूस स्वतःच्या चुलीवर रांधू लागतो, आणि त्या दिवसापासून तो पूरग्रस्त कमी आणि गृहस्थ जास्त असतो.

पंचनामा: जिथे खरी वाट अडते

सरकारी मदतीचे दार पंचनाम्याने उघडते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, नुकसान पाहतात, लिहून घेतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र ठरवते. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये, सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार मिळतात. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडीकुंडी व घरसामानासाठी २,५०० रुपये आहेत. त्यालाही अट आहे: घर वाहून गेलेले किंवा पूर्ण पडलेले असावे, नाहीतर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे. २०१९ च्या महापुरात हीच दोन दिवसांची अट कोल्हापूर-सांगलीत संतापाचे कारण ठरली होती. राज्य सरकारे वेळोवेळी वाढीव मदत जाहीर करतात, अटी शिथिल करतात. पण नाव पंचनाम्यात असल्याशिवाय कुठलीही मदत खात्यावर येत नाही.

हे निकष भिवंडी तालुक्याला लावून पाहिले की त्यातली भोके दिसतात. इथल्या चाळींत आणि खोल्यांत राहणारे बरेचसे लोक भाडेकरू आहेत. घराची मदत घरमालकाला मिळते. भाडेकरूचे भिजते ते धान्य, गादी, शिलाई मशीन, मुलांची दप्तरे, आणि भाडेकराराचा कागद अनेकांकडे नसतोच. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेले यंत्रमाग कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत राहतात किंवा कारखान्यातच झोपतात. त्यांचे रेशनकार्ड गावाला, आधारवरचा पत्ता गावाचा, जेवण भिशीत, म्हणजे खानावळीत. पंचनाम्याच्या नमुन्यात त्यांना बसवायला रकाना सापडत नाही. त्यातून निकषांत हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांच्या साधनांसाठी तरतूद आहे, पण ज्या यंत्रमागांवर भिवंडीचे पोट चालते, त्यांचा उल्लेख नाही. मागाच्या मोटारीत पाणी गेले की माग बंद पडतो आणि मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या कामगाराची कमाई त्याच क्षणी थांबते. भिशी चालवणारी बाईही बुडते, कारण तिचे पैसे कामगारांच्या पगारावर अवलंबून असतात. तिने उधारीवर भरलेले महिन्याचे धान्य तर आधीच भिजलेले असते.

ही वाट मोकळी करण्याचे काम स्थानिक संस्थेशिवाय कुणी करू शकत नाही. भिजलेल्या सामानाचे फोटो तारखेसह काढून ठेवणे, शेजाऱ्यांच्या सह्यांनी राहत असल्याचा दाखला तयार करणे, वाहून गेलेल्या आधारकार्डाची प्रत काढून देणे, बँकेत खाते नसलेल्या बाईचे खाते उघडणे, तलाठी येण्याआधी वस्तीची यादी तयार ठेवणे आणि नाव सुटले तर तहसील कार्यालयात लेखी हरकत देऊन तिची पोच घेणे. या कामांचे फोटो छापून येत नाहीत. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी आदिवासींच्या जातीच्या दाखल्यांसाठी, रेशनकार्डांसाठी वर्षानुवर्षे जे झगडे केले, ते वरवर पाहता आपत्तीशी संबंधित नाहीत. पण ज्या कातकरी कुटुंबाकडे पुरापूर्वी दाखला असतो, त्याला पुरानंतर दारोदार फिरावे लागत नाही.

लातूर: दहा वर्षांचे काम

दीर्घ पुनर्वसनाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा लातूर-धाराशिवचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीची जाडजूड घरे त्यांच्यावर कोसळली आणि सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. सर्वाधिक नुकसान झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवायचे ठरले. त्याहून कितीतरी अधिक गावांत जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. जागतिक बँकेच्या कर्जातून हा कार्यक्रम उभा राहिला.

नव्या गावांतले बरेच निर्णय अधिकारी, कंत्राटदार आणि दाते यांनी घेतले. शहरी वसाहतीसारखे आखलेले रस्ते, गुरांना जागा नसलेली सिमेंटची घरे, शेतापासून लांब पडलेली गावठाणे अशा तक्रारी पुढे अनेक वर्षे येत राहिल्या. दुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने वेगळी वाट धरली. हजाराहून अधिक गावांत बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. भूकंपाला टिकणारी भिंत कशी बांधायची, पैशाचा हप्ता केव्हा मिळतो, सिमेंटचे प्रमाण किती, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. ज्या बायकांनी तोवर ग्रामपंचायतीच्या बैठकीत तोंड उघडले नव्हते, त्या अभियंत्याला जाब विचारू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या याच बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. मदत घेणारे हात मदत देणारे झाले. कुठल्याही पुनर्वसनाची यापेक्षा चांगली फलश्रुती मला ठाऊक नाही.

भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची आणि राहण्याची जबाबदारी घेतली. वाघोलीचा तिचा प्रकल्प त्यातून उभा राहिला. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातल्या हराळी इथे निवासी शाळा काढली आणि ते काम आजही चालू आहे. या सगळ्या संस्थांच्या पद्धती वेगळ्या, विचारही वेगळे. त्यांच्यात समान आहे ते एकच: कॅमेरे गेल्यानंतरही त्या तिथे होत्या.

याउलट घरे बांधून किल्ल्या सोपवल्या की काम संपले, असे मानले तर काय होते, हे माळीणला दिसले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले ते गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. एप्रिल २०१७ मध्ये नव्या गावठाणाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथले रस्ते खचल्याच्या, भराव वाहून गेल्याच्या बातम्या आल्या. नव्या गावाची देखरेख करणारी, दोष लिहून काढणारी, वर्षभर पाठपुरावा करणारी संस्था गावातच असावी लागते.

पुढचा पूर टाळण्याचे काम

चिपळूणकरांनी पाठपुराव्याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०२१ च्या पुरानंतर नागरिकांनी चिपळूण बचाव समिती स्थापन केली आणि वाशिष्ठी व शिव या नद्यांतला गाळ काढावा यासाठी डिसेंबरमध्ये साखळी उपोषण केले. सरकारने निधी आणि यंत्रे दिली, नाम फाउंडेशनही गाळ काढण्याच्या कामात उतरले. गाळ उपसणे हा पुराला पुरेसा इलाज आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण पूरग्रस्त म्हणून रांगेत उभे राहिलेले शहर नदीचा हिशेब मागायला उभे राहिले, हे महत्त्वाचे. भिवंडीत कामवारी नदीची आणि उल्हास खाडीकाठच्या भरावांची चर्चा नागरिकांनी याच चिकाटीने हाती घ्यायला हवी.

उणिवा कुठे आहेत

स्थानिक संस्थांच्या कामातल्या उणिवा लपवून त्यांचे भले होणार नाही. पहिली उणीव रस्त्याची. गाडी जिथवर जाते तिथवरच मदत जाते. डांबरी रस्त्यालगतच्या वस्तीला तीनदा शिधा मिळतो आणि आतल्या पाड्याला एकदाही नाही. दुसरी आपपरभावाची. आपल्या जातीची, धर्माची, पक्षाची वस्ती आधी दिसते. तिसरी हिशेबाची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. उत्साहात ती राहून जाते आणि पुढे पैशांवरून मंडळात फूट पडते. चौथी माणसाच्या मानाची. शिध्याची पिशवी हातात घेताना फोटो काढून घ्यावा लागणे ही गरजूची मानहानी आहे, आणि ती थांबवायला एक पैसाही लागत नाही.

पैशाची बाजूही स्पष्ट हवी. २०१९ पासून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत आपत्ती व्यवस्थापन, मदत आणि पुनर्वसन यांचा समावेश झाला आहे. भिवंडी तालुक्यात देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची गोदामे आहेत. त्यांचा थोडा निधी तरी याच तालुक्यातल्या पूर्वतयारीसाठी खर्च व्हावा, ही मागणी ग्रामपंचायती आणि संस्थांनी एकत्र येऊन करायला हवी.

कोनसाठी काय

भिवंडीला या बाबतीत स्वतःचा मोठा वारसा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीतले हिंदू-मुस्लिम नागरिक नियमित भेटू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. संकटापूर्वी बांधलेली ओळख संकटात उपयोगी पडते, हे या शहराने सिद्ध केलेले आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली, ती याच मातीतून.

कोन २०११ च्या जनगणनेत शहर म्हणून मोजले गेले असले, तरी त्याला महापालिकेचे आपत्ती पथक नाही. गावाची धाव भिवंडीच्या तहसीलदारांकडे आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणावर तळागाळातल्या स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढवण्याची जबाबदारी टाकली आहे. तिचा आधार घेऊन इथल्या मंडळांनी, बचतगटांनी, मशीद कमिट्यांनी आणि कामगार संघटनांनी मे महिन्यातच एकत्र बसावे. सखल भागातल्या प्रत्येक खोलीची यादी करावी: राहणारे किती, भाडेकरू कोण, म्हातारे, गरोदर, अपंग कोण, कारखान्यात झोपणारे कामगार कोणते. प्रत्येकाच्या कागदांची प्रत सुरक्षित ठेवावी. उंचावरच्या शाळा आणि गोदामे निवाऱ्यासाठी आधीच ठरवून, मालकांची लेखी संमती घ्यावी. बोट चालवणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. यादीची एक प्रत तलाठ्याकडे द्यावी आणि दरवर्षी ती नव्याने करावी, कारण इथली वस्ती दरवर्षी बदलते.

याला फार पैसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते. पुरानंतर शिधा देणाऱ्यांची या पट्ट्यात उणीव नाही. पावसाआधी दारोदार जाऊन नावे लिहिणाऱ्यांची आहे, आणि पूर ओसरल्यावर वर्षभराने त्याच दारात जाऊन 'मदत मिळाली का, मुले शाळेत जातात का, माग सुरू झाला का' असे विचारणाऱ्यांची त्याहून जास्त आहे. हे काम करणारी एक तरी संस्था प्रत्येक खाडीकाठच्या गावात असावी, आणि बाकीच्यांनी तिला पैसे, माणसे आणि मान द्यावा.